सावरटोल्याची पायरी आणि बांबूची गाडी

मिरजेच्या माणसाला रेल्वेतलं काही नवीन दाखवतो म्हणणं म्हणजे त्याला डिवचणंच आहे. माझी उमेदीची सगळी वर्षं मिरजेच्या मालधक्क्यावर गेली. मोठी गाडी, मधली गाडी, लहान गाडी, तिन्ही मापांचे रूळ मी एकाच आवारात पाहिलेले. त्यामुळे चंद्रपूरकडच्या माझ्या जुन्या मित्राचं, रामटेकेचं, पत्र आलं की ‘तू पाहिली नाहीस अशी गाडी दाखवतो, ये’, तेव्हा मी कार्डावर उलट टपाली उत्तर धाडलं, ‘अशी गाडी नाही.’ त्यावर त्याचं एका ओळीचं कार्ड आलं. ‘आमच्या गाडीला वेळापत्रक नाही, पण तलाव आहे.’

मी रजा टाकली.

रामटेके आणि मी तरुणपणी एका ट्रेनिंगला एका खोलीत होतो. पुढे तो स्टेशन मास्तर होऊन आपल्या मुलखात परतला, मी मालाचा कारकून होऊन आपल्या. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. नागपूरहून नागभीडमार्गे चांदा फोर्टकडे तेव्हा लहान रुळांची गाडी जायची. मूल हे गाव गेलं की थोड्या वेळानं एक स्टेशन लागतं, तिथे हा मास्तर. स्टेशन म्हणजे एक खोली, एक बाकडं आणि एक भलंमोठं कवठाचं झाड. तरी गावकरी त्याला जंक्शन म्हणत, कारण तिथून जंगलात एक फाटा जायचा. तो फाटा रेल्वेचा नव्हता. बांबू आणि लाकूड काढणाऱ्या एका खासगी कंपनीचा होता. त्यावर एक कोळशाचं इंजिन, मालाच्या दहा-बारा उघड्या वाघिणी आणि पाच-सहा माणसं, एवढाच सगळा संसार.

‘मोठे लोक जंक्शन पाहाले मुंबईले जाते,’ रामटेके मला मिठी मारत म्हणाला, ‘तू उलटा आलास.’

पहिल्या रात्री त्याच्याकडे लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी. आमच्याकडे भाकरी हे जेवण आणि भात ही शेवटची मूठ. इथे भात आधी, भात मध्ये आणि पोट भरलं म्हटलं की वहिनी म्हणायच्या, ‘भात तं घेतलाच नाई जी तुम्ही.’ मी तीन वेळा हरलो.

जेवताना रामटेकेनं खरी गोष्ट सांगितली. मला बोलावलं होतं ते नुसतं मिरवायला नव्हतं. कंपनीनं ठरवलं होतं की पुढच्या हंगामापासून बांबू रुळांवरून आणायचा की ट्रकनं, हे एकदाचं पाहायचं. त्यासाठी हेड ऑफिसचा साहेब शनिवारी येणार होता. त्या दिवशी भरलेली गाडी दुपारी चारच्या आत जंक्शनला लागली, तर फाटा चालू. रखडली, तर ट्रक.

‘ट्रक आले तर काय बिघडलं?’ मी विचारलं. मालधक्क्यावर मी ट्रकवाल्यांशी आयुष्यभर भांडलो असलो तरी जगबुडी झालेली पाहिली नव्हती.

‘ट्रक पावसाळ्यात येते का?’ रामटेके म्हणाला. मध्ये सावरटोला नावाचं गाव आहे. तिथे जून ते ऑक्टोबर रस्ता नसतो, नाल्यावर पूल नाही. बांबूचं काम पावसाळ्यात बंद असलं तरी आठवड्यातून एकदा इंजिन एक डबा घेऊन जायचं, रूळ सांभाळणाऱ्या गँगवाल्यांचं रेशन पोचवायला. त्याच डब्यातून सावरटोल्याची मासळी मूलच्या बाजारात यायची आणि अडलेली बाळंतीण दवाखान्यात. रामटेके स्वतः त्या गावातल्या बौद्ध वस्तीत वाढलेला. त्याची आई याच डब्यातून एकदा दवाखान्यात गेली आणि जिवंत परत आली. एवढं सांगून त्यानं ताट उचललं आणि विषय संपवला.

वर जाताना

सकाळी इंजिनापाशी गेलो. ड्रायव्हर गुलाबभाऊ मडावी, पन्नाशीचा, अंगानं वेलीसारखा, डोक्याला पांढरा दुपट्टा. मला पाहून त्यानं हात जोडले आणि मग इंजिनावर थोपटलं. ‘हे आमची बुढी. भाऊ मिरजवाले, ओळख करून घे.’ हे तो इंजिनाला सांगत होता.

मार्च होता. पळस फुलून संपत आला होता आणि मोह गळायला लागला होता. रिकाम्या वाघिणी खडखडत निघाल्या, त्या इतक्या सावकाश की एका ठिकाणी फायरमन खाली उतरला, झाडाखालची मोहफुलं ओंजळभर वेचली आणि चार पावलं पळून परत चढला. फुलं मला दिली. गोड, आणि मागून किंचित उग्र. रुळाच्या दोन्ही बाजूंना बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. गाडी आली की त्या सरकत नव्हत्या, गुलाबभाऊच शिट्टी न देता हळू व्हायचा. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे माणसं गाडीला बाजू देतात. तो म्हणाला, ‘इथी गाडीच पावणी हाय ना भाऊ. जंगल तं त्याह्यचं हाय.’

हा फाटा इंग्रजांच्या वेळचा. साग न्यायला टाकला. साग कमी झाला तसा बांबू आला. कंपन्या बदलल्या, साहेब बदलले, इंजिन तेच राहिलं. गुलाबभाऊचा बाप यावर फायरमन होता, त्याआधी त्याचा आजा रुळाखालची लाकडं तोडायला होता. गुलाबभाऊ दुसरं कुठलंही वाहन चालवत नाही. सायकलसुद्धा नाही.

दोन तासांनी सावरटोला आलं आणि रामटेकेच्या कार्डातला तलाव दिसला. मालगुजारीच्या काळातला, जुना, पाळीवर, म्हणजे बांधावर, मोठी झाडं, पलीकडे मासेमार ढिवरांची घरं. रूळ पाळीला अगदी लागून जातात आणि तिथेच एक दगडी घाट आहे. बुढी इथे पाणी पिते. इंजिनाच्याच वाफेनं पाणी ओढणारा एक जाड पाइप घाटावरून तलावात सोडतात, की टाकी भरते.

पण त्याला एक अट आहे. घाटाच्या पायऱ्यांपैकी एका पायरीवर माशाचं चित्र कोरलंय, आता जवळपास पुसट झालेलं. ती मासळीची पायरी. ती पाण्याखाली असेल तोवर गाडीनं हवं तेवढं पाणी घ्यावं. ती उघडी पडली की एक थेंबसुद्धा नाही. कारण तिच्या खाली पाणी गेलं की उन्हानं तापतं आणि मासळी मरते, आणि ढिवरांचं वर्ष मासळीवर आहे. रूळ टाकले तेव्हा गावच्या म्हाताऱ्यांनी हे ठरवलं म्हणे. कुठे लिहिलेलं नाही. इतक्या कंपन्या आल्या-गेल्या, अट कुणी मोडली नाही. ढिवरांच्या संस्थेची प्रमुख यमुनाबाई. ती घाटावर जाळं विणत बसली होती. साठीची, ठसठशीत कुंकू, तोंडात तंबाखू.

‘पायरीवर दोन बोटं पाणी हाय, गुलाब,’ ती मान वर न करता म्हणाली.

गुलाबभाऊनं पाइप सोडला, पाणी चढलं, आणि टाकी अर्धी व्हायच्या आतच त्यानं पाइप ओढून घेतला.

‘अजून तर बुडलेली आहे की पायरी,’ मी म्हणालो.

‘एक बोट राह्यलं. आपण गेल्यावर दुपारी ऊन थे एक बोट घेऊन जाईन. पुरते तेवढं. वरतं नाला हाय, तिथी भरून घेऊ.’

मला हे भारी वाटलं. मिरजेला मी कुणाला हक्काचं अर्धं सोडताना पाहिलं नाही, मी स्वतः धरून.

कोसमघाट

रूळ जिथे संपतात तिथे कोसमघाटचा डेपो. बांबूच्या जुड्यांचे डोंगर, मजुरांच्या झोपड्या आणि पाटी नसलेलं एक चहाचं छप्पर. मी दोन रात्री तिथे राहिलो. बांबूतोड्या मजुरांशी माझं मराठी आणि त्यांची गोंडी यांच्यात हातवारे हा दुभाषी होता. एका आजीनं मला वास्ता, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, वाळवून ठेवलेले, त्याची भाजी खाऊ घातली आणि मी तोंड वाकडं करतो का ते शेजारणीला बोलावून पाहिलं. मी नाही केलं. नंतर गुपचूप पाणी पीत राहिलो.

इथे एक कबुली देऊन टाकतो. मला गार पाण्याची आंघोळ सोसत नाही. दुसऱ्या सकाळी मी गुलाबभाऊला भीतभीत विचारलं, तर त्यानं हसत इंजिनातून दोन बादल्या कढत पाणी काढून दिलं. ‘बुढीनं पावण्यासाठी तापवलं,’ म्हणाला. मी मंत्र म्हणत आंघोळ केली. इतक्या मोठ्या बंबाची आंघोळ आमच्या घराण्यात कुणी केली नसेल.

त्याच दुपारी कळलं की नाल्यात पाणी नाही. दर वर्षी मार्चमध्ये नाल्याच्या रेतीत खड्डा केला की पाणी भरायचं. यंदा मजूर जास्त होते, त्यांनी खड्डे आधीच उपसले होते. गुलाबभाऊ आणि फायरमन संध्याकाळपर्यंत रेती काढत बसले आणि टाकीत जेमतेम चार बोटं पाणी पडलं. फायरमन माझ्याकडे बघून म्हणाला, ‘भाऊची आंघोळ झाली, आता बुढी पारोशी.’ सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री तोंड धुवायला पाणी मागितलं नाही.

परतीला

शनिवारी सकाळी बांबूनं भरलेल्या वाघिणी घेऊन निघालो. गुलाबभाऊ दर थोड्या वेळानं बॉयलरच्या काचेत पाण्याची रेघ बघायचा. उतारावर त्यानं वाफ जवळपास बंद ठेवून गाडी नुसती घरंगळू दिली. वाघिणींच्या ब्रेकवर माणसं बसली होती.

सावरटोल्याला पोचलो तेव्हा काचेतली रेघ तळाशी टेकली होती. बॉयलरमध्ये पाणी नसताना खाली आग पेटती ठेवता येत नाही, इंजिन कायमचं जातं. अशा वेळी आग ओढून खाली रुळांवर पाडावी लागते आणि मग गाडी जिथे आहे तिथेच उभी. गुलाबभाऊच्या हातून जंगलात आग कधी पाडली गेली नव्हती. आज पाडली तर चार वाजता जंक्शनला साहेब नुसते रूळ बघत बसणार होता.

आम्ही घाटावर उतरलो. मासळीची पायरी कोरडी होती. पाणी तिच्या जेमतेम दोन बोटं खाली.

गुलाबभाऊनं पायरीकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि रुळावर बसला.

माझं डोकं फिरलं. मी जोरात म्हणालो, ‘अहो, दोन तासांच्या वाटेपुरतं पाणी! दोन बोटांनी कुठे मासे मरतात? परवा तुम्ही तुमच्या वाटणीचं सोडलंत, तेच घ्या. कोण बघतंय?’

यमुनाबाई माझ्या मागेच उभी होती.

‘मी पायतो ना जी,’ ती म्हणाली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती माझ्यावर चिडली नव्हती, तेच जास्त लागलं. ती गुलाबभाऊपाशी गेली.

‘परवा अर्धीच टाकी काऊन भरली तू?’

‘पायरी उघडी पडली असती, बाई.’

‘मंग आता?’

‘आता आग पाडतो. दुसरं का करू?’

यमुनाबाईनं तंबाखूची पिंक टाकली आणि तलावाकडे एकदा पाहिलं. मग ती गावाकडे तोंड करून ओरडली. काय ओरडली ते मला नीट कळलं नाही, पण पाळीवरच्या बायका उठल्या. घराघरांतून बायका-पुरुष बाहेर आले. कुणाच्या डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, कुणाच्या कमरेवर घागर, एका म्हाताऱ्याच्या हातात तांब्या. सकाळी भरून ठेवलेलं घरचं पिण्याचं पाणी होतं ते. तलावाचा एक थेंब नाही. घरांपासून इंजिनापर्यंत ओळ लागली, फायरमन टाकीवर चढून ओतत होता, रिकामी भांडी उलट्या ओळीनं विहिरीकडे परत जात होती. गावात दोन विहिरी. एक ढिवरांच्या बाजूची, एक बौद्ध वस्तीतली. दोन्हींकडून भांडी येऊ लागली. गाडीची वाट बघत रामटेके सायकलवरून सावरटोल्यापर्यंत आला होता; मी त्याच्याशेजारी उभा राहिलो, त्याच्याकडून घ्यायचं आणि पुढच्या बाईला द्यायचं.

‘माह्या लहानपणी,’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘आमच्या विहिरीचं पाणी तिकडच्या गुंडात पडलं असतं तं गुंड फोडला असता.’ पुढचा गुंड त्यानं माझ्या हातात दिला. ‘आता एकाच टाकीत चाललं पाय.’ त्याचे डोळे भरले होते आणि माझेही. ते लपवायचं मला कारण वाटत नाही.

काचेतली रेघ वर आली. गुलाबभाऊ यमुनाबाईसमोर हात जोडून उभा राहिला, तर ती म्हणाली, ‘जाय ना बापा आता, उशीर होऊन राह्यला.’

चारला थोडा अवकाश होता तेव्हा गाडी जंक्शनला लागली. कवठाखाली जीप उभी होती. साहेब भला माणूस होता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यानं घड्याळ पाहिलं, गुलाबभाऊशी हात मिळवला, सगळ्यांना चहा पाजला. वाघिणी मोजल्या, समाधान मानलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण मी मिरजेचा माणूस, आणि गोष्ट पोटात ठेवणं मला कधी जमलेलं नाही. साहेबाला ही लाइन आवडावी, तिथल्या माणसांची किंमत कळावी, म्हणून मी त्याच्या शेजारी बसलो आणि सगळं रंगवून सांगितलं. पायरी, तलाव, गुलाबभाऊनं सोडलेलं अर्धं पाणी, दोन विहिरी, गुंडांची ओळ. रामटेके दोनदा खाकरला. मी थांबलो नाही.

साहेब मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘म्हणजे मध्ये पाण्याची खात्री नाही?’

‘खात्री? अहो, अख्खं गाव आहे ना!’ मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी खूश होऊन दुसरा चहा घेतला.

मिरजेला परतलो. सगळ्यांना हीच गोष्ट सांगत सुटलो. पावसाळा लागता लागता रामटेकेचं पाकीट आलं. फाटा बंद झाला होता. कारणं दोन-तीन होती, पण पहिलं कारण त्यानं साहेबाच्या अहवालातून जसंच्या तसं उतरवून पाठवलं होतं. मधल्या गावी पाण्याची सोय नाही, गावातल्या बायांनी घरची भांडी आणून ओतली तेव्हा गाडी पुढे निघाली, अशा भरवशावर वाहतूक चालवता येत नाही.

ते वाचून मी दोन दिवस पाकीट खिशात घेऊन फिरलो. मग रामटेकेला लिहिलं. गुलाबभाऊला सांग, यमुनाबाईला सांग, की हे माझ्या तोंडामुळे झालं. मला शिव्या दिल्या तरी चालतील, पण सांग.

त्यानं सांगितलं. गुलाबभाऊ म्हणाला म्हणे, ‘भाऊनं खरंच सांगतलं ना? मंग खऱ्यानं बंद पडली. खोट्यानं चालवाची होती का?’ तो आता रामटेकेच्या स्टेशनवर हमाली करतो आणि रोज एकदा शेडमध्ये जाऊन बुढीवरची धूळ पुसून येतो. सावरटोल्यातून यंदाच्या पावसात एका बाईला खाटेवर घालून नाल्यातून आणावं लागलं. बाई वाचली. हेही रामटेकेनं लिहिलं, बहुतेक माझ्यासाठीच.

यमुनाबाईला मात्र त्यानं अहवालातली ती ओळ वाचून दाखवली. तिनं ती दोनदा वाचायला लावली. साहेबाच्या कागदात आपल्या गावच्या बायांचं नाव पहिल्यांदाच लागलेलं ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, ‘गुंड किती होते, थे काऊन नाई लिवलं?’

रामटेकेनं तो प्रश्न माझ्याकडे पाठवला आहे. मी त्या ओळीत उभा होतो, प्रत्येक गुंड माझ्या हातातून गेला. मला सांगता येत नाही.